वार, तिथी आणि उपासना : मराठी ख्रिस्ती पद्याविषयी एक विचार

फलटणचे पावित्र्य मुख्यतः स्थळाचे आहे. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी येथे जन्मले, म्हणून हे नगर त्या पंथास तीर्थ; आणि अवतारांच्या संबंधाने पावन झालेली स्थाने नोंदणारी ‘स्थानपोथी’ याच पंथाने दिली. काळाचे पावित्र्य येथे येते ते तिथीच्या पावलांनी. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरांची पालखी तरडगावहून येथे मुक्कामास येते व पुढे बरडकडे जाते. अशा भूमीत ख्रिस्ती मनुष्याने आठवड्यातील एक वार देवासाठी वेगळा काढावा, ही कल्पना परकी ठरते काय? प्रश्न समाजशास्त्राचा वाटतो. परंतु मराठी ख्रिस्ती पद्याचे मूल्यमापन त्यावाचून पुरे होत नाही.

अब्राहम हेशेल या ज्यू तत्त्वज्ञाने १९५१ मध्ये शब्बाथाविषयी लिहिताना, आपला धर्म स्थळापेक्षा काळाला पवित्र करतो, असे मांडले. ख्रिस्ती परंपरेने तो वारसा घेतला, पण वार बदलला आणि चंद्रही सोडला नाही. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी पुनरुत्थानाचा सण येतो, म्हणजे तिथी आणि वार यांचा योग साधावा लागतो. सोमवतीला जेजुरीस जाणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) ही जाण आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य एकट्याने वाचण्यासाठी नव्हे, तर रविवारी व सणांच्या दिवशी देवळात जमलेल्या मंडळीसमोर म्हणण्यासाठी होते. त्याची संथ, पाल्हाळिक गती त्या वेळेच्या मोकळेपणातूनच आली आहे. गोव्यात वारांची पोर्तुगीज नावेही रुजली नाहीत. ‘आदित्यवारा’चा आयतार तेवढा ख्रिस्ती झाला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा वारसा निराळा. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा प्युरिटन होती, आणि प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करण्यावरही बंदी घातली होती. साप्ताहिक विसाव्याचा एक दिवस सोडला तर त्यांचे वर्ष ओकेबोके. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर या ओसाड पंचांगात अभंग आणि कीर्तन आणले, हे त्यांचे ऋण मोठे. तथापि अभंगाचा पिंडच नित्यस्मरणाचा आहे. ज्याला नाम सदैव मुखी हवे, त्याला एका वाराचे कुंपण कशाला? टिळकांच्या ‘अभंगांजली’चा सूर हाच आहे, आणि १९१७ मध्ये साताऱ्यास स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त त्याची परिणती झाली. तेथे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असा भेद नव्हता; रविवार आणि इतर दिवस यांतला भेदही त्यामागोमाग फिका झाला, असे म्हणणे तर्कसंगत होय.

येथे टीकाकारांनी एक गोष्ट दुर्लक्षिली आहे. नित्यस्मरण ज्याला परवडते, त्याचा वेळ त्याच्या हाती असतो. मिशनच्या खेड्यांतील मंडळ्यांत महार समाजातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि त्यांच्या वतनी कामाला वार नव्हता; गावाने व सरकारने बोलावले की जायचे. ही वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये. अशा मनुष्याने एका दिवसावर हक्क सांगणे ही आधी गावगाड्याशी झुंज होती, भक्ती त्यातूनच यायची. सातव्या दिवशी दास-दासींनाही विसावा द्यावा, ही मोशेच्या नियमातील आज्ञा तिथे अक्षरशः लागू पडत होती. टिळकांच्या रचनांत प्रेमाची आर्तता अमाप आहे. या दमलेल्या माणसाच्या विसाव्याला मात्र तिच्यात पुरेशी जागा मिळाली नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती जागा पद्याबाहेर शोधली. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज करून त्यांनी जी मागणी लावून धरली, ती १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असे त्यांनी आपल्या मागणीच्या समर्थनार्थ म्हटल्याचे सांगतात. सत्यशोधक कार्यकर्त्याने खंडोबाचा आधार घ्यावा, हे मोठे मार्मिक आहे. ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा रविवार त्यांनी जेजुरीच्या वाटेने मजुरांच्या घरी आणला. आणि फलटणच्या पंचक्रोशीतील ख्रिस्ती शेतमजुराला तो वार आजही रोजंदारीचा खाडा सोसूनच पाळावा लागतो.