बंद यंत्राचे पावणेदोन तास

मेंदूत तार बसवून कळ दाबली की पार्किन्सनच्या रुग्णाची थरथर थांबते, ही चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. आम्हांला तिच्यापेक्षा २०१२ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील चाचणी मोलाची वाटते. तीत १३६ रुग्णांना यंत्र बसवले, पण ३५ जणांचे तीन महिने बंदच ठेवले. हालचाली सुरळीत असण्याचा रोजचा काळ यंत्र चालू असलेल्यांत सरासरी सव्वाचार तासांनी वाढला. आणि बंद असलेल्यांतही पावणेदोन तासांनी! तुलनेचा गट कशासाठी, असे वर्गात कुणी विचारले तर हे उदाहरण जरूर सांगावे. मात्र यंत्र चालू की बंद, हे रुग्णांना ठाऊक होते आणि तासांच्या नोंदीही त्यांच्याच रोजनिशीतल्या. म्हणून फरकाचे अडीच तास सगळेच विजेच्या खाती टाकायला आम्ही तयार नाही.