पस्तीस हजारांच्या आधीचे वर्ष

दोन महायुद्धांमधल्या हंगेरीच्या भूदलाचा इतिहास बहुधा एका आकड्यापासून सांगितला जातो: ३५,०००. ४ जून १९२० रोजी झालेल्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीला एवढेच सैनिक ठेवायची मुभा दिली, तेही स्वेच्छेने भरती झालेले. सक्तीची भरती, रणगाडे, लढाऊ विमाने यांना बंदी. जुन्या राज्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक मुलूख गेलेला, त्यामुळे हा आकडा आजही सलतो. पण सुरुवात इथून केली, की या सैन्याचे जन्मवर्ष अलगद गळून पडते. माझ्या मते मेख तिथेच आहे.

१९१९ मध्ये हंगेरीत सैन्ये दोन होती. बेला कुनच्या लाल सेनेच्या मोहिमा आउरेल श्त्रोमफेल्ड हा हॅब्सबर्ग फौजेतला मुरलेला अधिकारी आखत होता. जूनमध्ये तिने उत्तरेतले कॉशो परत घेतले. दुसरे सैन्य सेगेदला उभे राहिले, ॲडमिरल होर्ती यांचे. (समुद्र गमावलेल्या देशाचे भूदल एका दर्यासारंगाने उभारावे, हा विनोद हंगेरियनांनी स्वतःच पुष्कळदा केला आहे.) मुलूख परत मिळवणारे पहिले सैन्य स्मृतीतून पुसले गेले. दुसऱ्यातल्या अधिकाऱ्यांच्या तुकड्यांनी डाव्यांची आणि ज्यूंची कत्तल केली. फेब्रुवारी १९२० मध्ये बेला शोमोजी आणि बेला बाचो या पत्रकारांचा खून पाडला. १९२२ मध्ये याच सैन्याने ‘होनवेद’ हे १८४८ च्या क्रांतीतले नाव अधिकृतपणे धारण केले. होनवेद म्हणजे मायभूमीचा रक्षक.

पुढच्या चोरट्या शस्त्रसज्जतेवर अभ्यासक रमतात, आणि ती आहेही रंजक. १ जानेवारी १९२८ रोजी सेंटगोतहार्दच्या सीमेवर इटलीहून आलेल्या डब्यांत, कागदोपत्री यंत्रांचे भाग असलेल्या मालात, मशीनगनचे भाग सापडले. मार्च १९३८ मध्ये पंतप्रधान दारान्यींनी ग्योर येथे एक अब्ज पेंग्योंची योजना उघडपणे जाहीर केली. ऑगस्टमध्ये ब्लेडच्या करारात शेजाऱ्यांनी शस्त्रसज्जतेचा हक्क मान्य केला.

मग आला १९३९ चा दुसरा कायदा. सक्तीची भरती कायद्याने परतली, हे ठळक अक्षरांत सांगितले जाते. त्याच कायद्याने लष्करी सेवेस अपात्र ठरवलेल्यांसाठी श्रमसेवा सुरू केली, हे मात्र ज्यूंच्या छळाच्या वेगळ्या प्रकरणात ढकलले जाते. लवकरच त्या तुकड्यांत मुख्यतः ज्यू होते. हातात बंदुकीऐवजी फावडे. कोण विश्वासार्ह आणि कोण नाही, याची सेगेदला पडलेली वाटणी आता राजपत्रात आली होती. रणगाडे मोजणाऱ्या इतिहासात या माणसांची गणती सैन्यात होत नाही.