क्लिक आधी की खंजिरी?

मल्टिट्रॅक रेकॉर्डर किंवा फोनवरचं तसलं ॲप पहिल्यांदा उघडणाऱ्याला सगळीकडे जवळपास एकच क्रम शिकवला जातो. आधी क्लिक लावा, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक. तिच्यावर ताल, तालावर की-बोर्ड किंवा गिटार, आणि शेवटी आवाज. ही निव्वळ यंत्राची माहिती वाटते, पण तिच्यात गाण्याबद्दलचं एक मत लपलेलं आहे. गाणं म्हणजे एकावर एक ठेवलेले थर आणि प्रत्येक थर एकेकट्याने भरता येतो, असं ते मत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गाण्यांना हे मत लावलं की काय होतं, ते यूट्यूबवर भरपूर ऐकायला मिळतं. ठेका तयार लूपचा, आवाज चकचकीत, आणि मागे म्हणणारी मंडळी गायब.

या पद्धतीचा आद्यपुरुष लेस पॉल. या अमेरिकन गिटारवादकाने १९४८ साली ‘लव्हर’ या रेकॉर्डवर गिटारचे आठ भाग एकट्याने वाजवून एकमेकांवर चढवले. कमाल होती, यात शंका नाही. पण एकट्या माणसाने स्वतःलाच साथ करण्याची ती कमाल होती. आपल्याकडचं खंजिरी भजन नेमकं उलट्या टोकाला उभं आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी गावोगावी नेली. चिमूरच्या १९४२ च्या उठावामागे त्यांच्या भजनांचा जोर होता, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. गुरुदेव सेवा मंडळाचं भजन आजही ऐका. पुढचा ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. मागच्यांचा जोर वाढला की पुढचा लय चढवतो, खंजिरीवाला ती धरतो, आणि सुरुवातीला संथ असलेलं भजन शेवटी कुठल्या कुठे पोचतं. ही लय कुणी आधी ठरवलेली नसते. ती त्या मंडळीत त्या रात्री तयार होते.

आता हेच थरांनी करून पाहा. पुढच्याने क्लिकवर एकट्याने गायचं. मागच्यांनी दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून त्यावर आपला भाग भरायचा, ज्याला ओव्हरडब म्हणतात. मागच्यांना पुढचा ऐकू येतो, पण पुढच्याला मागचे कधीच ऐकू आलेले नसतात. ते कितीही रंगले तरी तो चढणार नाही, कारण त्याचं गाणं कालच संपलंय. सूर जागेवर, ताल जागेवर, आणि भजन मात्र बसूनच राहतं. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही, या क्रमाबद्दल आहे.

क्रम उलटवता येतो, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला पुरावा परदेशातलाच आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर काही गाणी कच्ची म्हणून भरली. गाणं आणि गिटार एकदम, दोन ट्रॅकवर. उरलेल्या दोनांवर नंतर थोडी भर. पुढे बँड घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण कॅसेटमधली जान येईना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ नावाने बाहेर आली.

म्हणून भजनी मंडळाचं पहिलं रेकॉर्डिंग करणाऱ्याने आधी सगळ्यांना एकत्र बसवावं, नेहमी बसतात तसं. क्लिक बंद. दोन माइक असतील तर एक पुढच्याच्या तोंडाजवळ, दुसरा सगळी मंडळी एकसारखी ऐकू येईल इतका लांब. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज टोकदार असतो, त्यामुळे लेव्हल शांत ओळीवर लावू नये. भजन चढल्यावर जी सर्वांत मोठी थाप पडेल तीही लाल दिव्याच्या बरीच खाली राहिली पाहिजे, कारण डिजिटलमध्ये एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही. फक्त फोन असेल तर आवाज आपोआप कमीजास्त करणारी सेटिंग असल्यास बंद करावी; नाहीतर दर थापेला गाणाऱ्याचा आवाज दबतो आणि पुन्हा वर येतो. हा पहिला टेक पाया. हार्मोनियमचा एखादा जास्तीचा भाग त्यानंतर, उरलेल्या ट्रॅकवर. तेव्हा हेडफोन वायरचाच घ्यावा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि वाजवणारा मागे पडतो.

यात तोटा आहेच. एकाचा सूर चुकला तर तेवढाच पुसता येत नाही, कारण तो दुसऱ्याच्या माइकमध्येही शिरलेला असतो. एखाद्या म्हाताऱ्या बाईचा मऊ आवाज ढोलकीखाली जातो. तिथे मी थरांची बाजू घेईन: त्या बाईला ढोलकीपासून लांब बसवावं, माइक तिच्याजवळ न्यावा, तरीही नाही जमलं तर तिचा भाग वेगळा भरावा. पण हा अपवाद. स्टुडिओवाले ज्याला एका माइकचा आवाज दुसऱ्यात गळणं म्हणतात आणि दोष मानतात, तो इथे बऱ्याचदा गाण्याचाच भाग असतो.

गोंड-माडिया गावांतल्या रेल्याचं तर थरांत काही उरतच नाही. हातात हात घालून नाचणारी माणसं गातात. पाय, श्वास आणि शब्द एकाच अंगातून येतात. त्यांना एकेक करून माइकसमोर उभं करणं म्हणजे नाच थांबवून गाणं मागणं. तिथे एकच माइक अंगणात उंच धरावा. धापही येऊ द्यावी.

झाडीपट्टीच्या नाटकात मात्र यंत्राला खरं काम आहे. दिवाळीनंतर धान निघालं की वडशाच्या मंडळांचे प्रयोग गावोगाव सुरू होतात, रात्रभर चालतात, आणि नट स्वतः गातात. संवाद, गाणं, ऑर्गन, तबला आणि प्रेक्षक वेगवेगळ्या ट्रॅकवर पण एकाच वेळी घेतले, तर नंतर गाण्याचे शब्द वर काढता येतील. प्रेक्षकांचा ट्रॅक अनेकजण काढून टाकतात. तो ठेवावा. पद रंगलं की वन्समोअर येतो, नट तेच पद पुन्हा गातो, आणि एकाच रात्रीत आपल्याला दोन टेक मिळतात. दुसरा बहुधा जास्त मोकळा.