ई सुन-शिन यांची रोजनिशी: योद्धा की नोकर?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, ई सुन-शिन म्हणजे कोरियाचे सामुराईच ना?" या प्रश्नाला मीही थोडा जबाबदार आहे. वर्गात पूर्वेकडची युद्धनीती शिकवताना मी कित्येक वर्षं 'हागाकुरे' आणि नितोबेंचं 'बुशिदो' एवढ्यावरच भागवलं. आज ती चूक दुरुस्त करू.

आपल्यासमोर आहे 'नानजुंग इलगी'. हिदेयोशीच्या फौजांनी १५९२ मध्ये कोरियावर स्वारी केली. त्या युद्धात नौसेनापती ई यांनी ठेवलेली ही रोजनिशी. शेवटची नोंद १५९८ मधली, त्यांच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधीची. लक्षात घ्या, ही बखर नव्हे. बखर मागाहून लिहितात, तिला नायक लागतो. इथे काय आहे? हवा कशी होती, धनुर्विद्येचा सराव झाला की नाही, अंगात कणकण आहे, झोप नाही, आईची खबर नाही.

आता 'हागाकुरे' बघा. यामामोतो त्सुनेतोमो यांच्या बोलण्यातून ते अठराव्या शतकाच्या आरंभी तयार झालं. तेव्हा जपानात कित्येक दशकं शांतता होती. हे गृहस्थ कधी लढाईत उतरलेच नव्हते. 'बुशिदो' तर १९०० च्या सुमारास अमेरिकेत, इंग्रजीत निघालं. म्हणजे मरणाचं तत्त्वज्ञान सांगणारे लढले नाहीत, आणि जो लढला तो आईच्या काळजीत!

१५९७ मध्ये म्यॉंगन्यांगच्या सामुद्रधुनीत ई यांच्याकडे १३ जहाजं होती, समोर शंभराहून जास्त. आदल्या दिवशी त्यांनी कप्तानांना मरणाची तयारी ठेवण्याबद्दलचं जुनं चिनी युद्धवचन ऐकवलं. हे बुशिदोसारखं वाटतं खरं. पण त्सुनेतोमोंच्या लेखी मरण हीच वाट आहे. त्या चिनी वचनात मरणाची तयारी हे जगण्याचं साधन आहे. हा फरक लहान नाही.

तो येतो कुठून? जोसॉन राज्य कन्फ्यूशियन होतं. तिथे मुलकी अधिकारी वर, लष्करी खाली. सेनापती हा राज्याचा नोकर. त्याच वर्षी दरबारानं ई यांना कैदेत टाकलं आणि पद काढून साधा शिपाई म्हणून पाठवलं. ते गेले. वाटेत आई वारल्याचं कळलं. अंत्यविधी पुरा होईपर्यंतही थांबता आलं नाही. शरदात मुलगा मारला गेला. त्या दिवशीची नोंद वाचताना सेनापती दिसत नाही, बाप दिसतो.

पण म्हणून ही व्यवस्था श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. ई यांना हटवून वॉन ग्यून यांना नेमलं आणि छिलछॉलयांगला जवळजवळ सगळं आरमार बुडालं. रोजनिशीही निर्दोष नाही. वॉन ग्यूनबद्दल तिच्यात निव्वळ कडवटपणा आहे, आणि पळून गेलेल्या शिपायांचा शिरच्छेद एका ओळीत उरकलेला आहे.

१९६८ मध्ये, माजी सेनाधिकारी पार्क चुंग-ही राष्ट्राध्यक्ष असताना, सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात ई यांचा पुतळा उभा राहिला. हातात तलवार. राज्यकर्त्यांना तसाच योद्धा हवा असतो. रोजनिशीतला माणूस मात्र दिवसाची सुरुवात हवामानानं करतो. माझी विनंती एवढीच, की पुतळा पाहण्याआधी रोजनिशी वाचा.