पाचवं पान: एका गाजलेल्या डावाचं फेरवाचन



पवनेच्या काठावरच्या काळेवाडीत आज आपण 'रिव्हर'बद्दल बोलणार आहोत. ही नदी मात्र पत्त्यांची. मागच्या व्याख्यानानंतर चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या एका तरुणाने आम्हाला दारातच थांबवलं. म्हणाला, "सर, समोरचा थापा मारतोय असं वाटलं, म्हणून अख्खा पगार लावला. त्याच्याकडे खरंच कलर निघाला. त्या व्हिडिओतला फारहा पत्ते टाकतो तर त्याला सगळे हसतात. मी नाही टाकले, तर मला घरचे हसतसुद्धा नाहीत. बोलतच नाहीत. मग बरोबर काय होतं?" आम्हाला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २००३, लास वेगास, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. प्रवेश फी दहा हजार डॉलर, खेळाडू ८३९, पहिलं बक्षीस पंचवीस लाख डॉलर. शेवटी दोघं उरले: सॅमी फारहा हा मुरलेला व्यावसायिक, आणि ख्रिस मनीमेकर हा टेनेसीतला अकाउंटंट, ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला.

ज्यांनी फक्त तीन पत्ती खेळली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन बंद पानं. टेबलावर आधी तीन उघडी पानं, मग चौथं, मग पाचवं. हे पाचवं म्हणजे रिव्हर. 'नो-लिमिट' म्हणजे कुठल्याही टप्प्यावर समोरची सगळी रास पुढे ढकलता येते. रिव्हरनंतर नवं पान येत नाही. आशेवर खेळणं तिथे संपतं. पैसे भरून बघायचं, नाहीतर पत्ते टाकायचे.

आता तो डाव. फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. दोघंही गप्प. चौथं पान इस्पिकची अठ्ठी. फारहाने तीन लाखांच्या चिप्स लावल्या, मनीमेकरने आठ लाख केले, फारहाने भरले. पाचवं पान बदामाची तिर्री. मनीमेकरचा कलरही लागला नाही आणि सिक्वेन्सही नाही. त्याने सगळं पुढे ढकललं. फारहा बराच वेळ विचार करत बसला, कलर हुकला असावा असंही पुटपुटला, आणि त्याने पत्ते टाकले. नव्वीची जोडी हातात असताना.

या डावाला 'शतकातला ब्लफ' म्हणतात. आमचा आक्षेप डावावर नाही, तो सांगण्याच्या पद्धतीवर आहे.

पहिला आक्षेप. आपण हा डाव बंद पत्ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहतो. म्हणजे उत्तर आधी आणि गणित नंतर. उत्तर माहीत असलेल्या माणसाला फारहा भित्रा वाटणारच. पण फारहाला दिसत होती फक्त पाच उघडी पानं, आपली दोन आणि समोरचा चेहरा. निर्णयाची समीक्षा करायची तर तेवढ्याच माहितीवर करायला हवी.

मग ती करू. मधे साधारण अठरा लाख होते. बघण्यासाठी फारहाला उरलेले सुमारे एकोणतीस लाख घालावे लागणार होते. म्हणजे एकूण शहात्तर लाखांत त्याचे एकोणतीस. शंभरातून अडतीस वेळा समोरचा थापा मारत असेल, तर बघणं बरोबरीत सुटतं. त्याहून जास्त वेळा मारत असेल तर फायदा, कमी वेळा तर तोटा. प्रश्न 'तो खोटं बोलतोय का' हा नाही. 'किती वेळा बोलेल' हा आहे. आमच्या तरुण मित्राने पहिला प्रश्न विचारला होता, दुसरा नाही.

पुढे जाऊ. फारहाचा हात केवळ ब्लफ पकडण्यापुरता उरला होता. समोर खरा हात असेल, म्हणजे कलर असेल, दश्शी-सत्ती किंवा सत्ती-पंजी धरून सिक्वेन्स लागलेला असेल, दोन जोड्या असतील, तर तो हरणारच. उलट बाजूने, त्याच्याकडची इस्पिकची राणी बोलत होती. तेरा इस्पिकांतली तीन टेबलावर, उरली दहा. त्यांच्या जोड्या पंचेचाळीस होतात. राणी आपल्याकडे असल्यावर उरतात नऊ, आणि जोड्या छत्तीस. म्हणजे समोर कलर असण्याच्या शक्यतांतला पाचवा हिस्सा गेला. हे बघण्याच्या बाजूने जातं. पण निकाल लावण्याइतकं वजन त्यात नाही. आमच्या मते पत्ते टाकणं ही ढोबळ चूक नव्हती, आणि बघणं हा शहाणपणाचा एकमेव रस्ताही नव्हता.

दुसरा आक्षेप. क्लिप बहुधा रिव्हरपासून सुरू होते. निर्णयाची सुरुवात मात्र चौथ्या पानावर आहे. तिथे आणखी पाच लाख भरताना 'पुढचं पान बिनकामाचं आलं आणि त्याने सगळं लावलं तर काय?' हे ठरवायला हवं होतं. तिर्रीने काहीच बदललं नाही. जो चौथ्या पानावर विचार न करता भरतो, त्याला पाचव्या पानावर हिंमत उसनी आणावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वात महत्त्वाचा. फारहाने पत्ते टाकले आणि तो खेळात राहिला. मनीमेकरच्या चिप्स जास्त होत्या, म्हणजे बघून हरला असता तर तिथेच बाहेर. समोरचा नवखा आहे, त्याला हळूहळू हरवू, असं मुरलेल्या खेळाडूला वाटणं स्वाभाविक आहे. तो अंदाज फसला. पुढे शेवटच्या डावात गुलामाच्या जोडीवर त्याने सगळं लावलं आणि मनीमेकरचं फुल हाऊस झालं. पण पत्ते टाकण्याचा हक्क त्याने वापरला होता. महाभारतातल्या द्यूताशी याची तुलना करतात, तेव्हा नेमका हाच फरक सुटतो. बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही, असा युधिष्ठिराचा पण होता. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचं गणित कितीही पक्कं असलं तरी उपयोग शून्य.

या एका डावाच्या गोष्टीने काय केलं? मुख्य स्पर्धेत २००३ मध्ये ८३९ खेळाडू होते, २००४ मध्ये २,५७६, आणि २००६ मध्ये ८,७७३. प्रत्येकाला वाटलं, मनीमेकर आपणच. आपल्याकडे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि 'कौशल्य' हा शब्द पुढे ॲपवाल्यांच्या फार कामी आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. कायद्यावर मतं वेगळी असू शकतात. पण खेळात कौशल्य आहे म्हणून तो आपल्याला परवडतो, असं होत नाही.

कारण अडतीस टक्क्यांचं गणित पुन्हा पुन्हा खेळता येणाऱ्यासाठी आहे. हजार डावांत ते खरं ठरतं. ज्याच्याकडे एकच पगार आहे, त्याला हजार डाव मिळत नाहीत. घरभाडं, शाळेची फी, किराणा ही टेबलावर न दिसणारी पानं आहेत, आणि कुठलाही कॅमेरा ती दाखवत नाही.

तर मित्रा, तू आज इथे असशील तर ऐक. कॉल करण्यात तुझी चूक होती की नाही, हे तुझ्या समोरच्याच्या सवयीवर ठरेल, आणि ते आम्हाला माहीत नाही. पण ती रक्कम लावण्यात चूक होती, आणि ती रिव्हरच्या फार आधी झाली होती. हे घरी सांग. तुला थाप ओळखता येते की नाही, हे त्यांना ऐकायचं नाहीये. पुढच्या महिन्याचा पगार घरी येणार की नाही, तेवढं त्यांना ऐकायचं आहे.

आता प्रश्न घेऊ.