मोजका जोर

घरी बांधलेल्या पिनबॉल यंत्राची पारख मी फ्लिपरवरून करतो. बटण दाबताच उसळून, घरंगळत आलेल्या पोलादी गोळीला परत वर धाडणारी ती बोटभर पट्टी म्हणजे या खेळाचा जीव. शिकागोच्या गॉटलीब कंपनीने १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात विजेवर चालणारे फ्लिपर आणले. त्याआधी गोळी सोडायची, फार तर यंत्राला धक्के द्यायचे आणि ती कुठे जाते ते बघायचं. फ्लिपरमुळे नशिबाच्या खेळात कसब आलं.

गोळीचं वजन साधारण ८० ग्रॅम. सुमारे साडेसहा अंशांच्या चढावर तिला माथ्यापर्यंत पोहोचवायचं, तर फ्लिपर हलवणाऱ्या कॉइलमधून क्षणभर भरपूर करंट सोडावा लागतो. तोच करंट वाहत राहिला तर कॉइल जळते. आणि खेळाडू बटण दाबून ठेवणारच. गोळी पट्टीवर झेलून, थोपवून, शांतपणे नेम धरण्यात तर खरी गंमत. जुन्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. एकाच कॉइलवर दोन वेटोळी: जाड तारेचं उचलण्यासाठी, बारीक तारेचं धरून ठेवण्यासाठी. पट्टी वर पोहोचली की तिच्याच हालचालीने एक स्विच उघडतो आणि जाड वेटोळ्याचं काम तिथेच थांबतं. किती जोर पुरे, हे पट्टी स्वतःच सांगते!

आजचा हौशी माणूस हेच आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डसाठी चार ओळींत लिहितो. आर्डुइनोच्या पिनला कॉइलचा भार पेलत नाही, म्हणून मध्ये स्विचचं काम करणारा मॉसफेट. कॉइल बंद होताना उसळणाऱ्या उलट्या व्होल्टेजसाठी डायोड. मग तीसेक मिलिसेकंद पूर्ण ताकद, आणि पुढे वीज भराभर चालू-बंद करत पट्टी तोलून धरायची. हे आकडे मात्र आयते मिळत नाहीत. पहिला कमी पडला तर गोळी रॅम्पच्या मध्यावरून परतते. धरायची वीज कमी पडली तर गोळी आदळताच पट्टी दबते. चालू-बंद संथ झालं तर कॉइल गुणगुणते. सगळं जुळलं की एकच कोरडा 'खट्' ऐकू येतो आणि गोळी दिसेनाशी होते. तो आवाज ऐकला की बांधणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

यंत्राशी होणारी दांडगाई रोखणाऱ्या टिल्टमध्येही हीच मात्रा आहे. धातूच्या कड्यात ओळंबा लोंबत असतो. यंत्र फार हलवलं की तो कड्याला टेकतो, सर्किट पूर्ण होतं आणि फ्लिपर मरतात. हल्ली धक्का मोजणारा सेन्सर स्वस्तात मिळतो, तरी मी ओळंब्याच्याच बाजूचा. तो दांडीवर जरा वर-खाली सरकवला की यंत्र किती दांडगाई सोसेल ते ठरतं, आणि ते ठरवताना प्रोग्रॅम उघडावा लागत नाही.