संदेह, भ्रांती आणि अपह्नुती : उडत्या तबकड्यांच्या साक्षकथनांविषयी

अनुभवाची प्रामाणिकता हा मराठी समीक्षेतील एक प्रतिष्ठित निकष आहे. मर्ढेकरांच्या ‘आत्मनिष्ठे’पासून दलित आत्मकथनांवरील चर्चेपर्यंत तो निरनिराळ्या नावांनी वावरत आला आणि त्याने आपल्या समीक्षेला मोलाचे बळही दिले. परंतु हा निकष वापरताना आपण नकळत दोन विधाने एकत्र करतो : सांगणारा प्रामाणिक आहे, आणि म्हणून त्याने सांगितलेले खरे आहे. या दोहोंमधील अंतर जोखण्यासाठी येथे एका अप्रतिष्ठित वाङ्मयप्रकाराकडे वळावयाचे आहे. अमेरिकेत १९४७ नंतर विपुल प्रमाणात निर्माण झालेली उडत्या तबकड्यांच्या दर्शनाची कथने, आणि त्यांच्या भोवती वाढलेली गुप्त लष्करी तळांची कथा, हा तो प्रकार. आपल्याकडे त्याची दखल घेतली जाते ती विज्ञानकथेचा उपप्रकार म्हणून. ती गल्लत आहे. विज्ञानकथेचा लेखक वाचकाशी कल्पिताचा करार करतो. साक्षकथनाचा निवेदक नेमका तोच करार नाकारतो.

या प्रकाराचा प्रारंभच एका उपमेच्या अपघाताने झाला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियरजवळ नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावरून भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे आपण म्हटल्याचे त्याने पुढे स्पष्ट केले. उपमा गतीची होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला लावली आणि ‘उडती बशी’ जन्माला आली. त्यानंतर लोकांना आकाशात बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. मराठीने बशीची तबकडी केली. मूळ चूक मात्र तशीच राहिली. साधारण धर्म चुकीचा वाचला गेल्याने उपमानच उपमेयाच्या जागी जाऊन बसावे, याचे याहून ठळक उदाहरण अलंकारांच्या वर्गात देता येणार नाही.

अलंकारांचा उल्लेख येथे केवळ चमत्कृतीसाठी नाही. तोदोरोव्हने अद्भुताची व्याख्या वाचकाच्या दोलायमानतेवर उभारली, आणि या कथनांच्या अभ्यासात तिचा आधार घेण्याचा मोह होतो. आपल्या आलंकारिकांनी मात्र या दोलायमानतेचे अधिक बारीक पदर वेगळे केले आहेत. ‘हे अमुक की तमुक?’ असा सादृश्यमूलक प्रश्न म्हणजे संदेह. सादृश्यामुळे एका वस्तूला निश्चितपणे दुसरी मानणे म्हणजे भ्रांतिमान. आणि समोरच्या वस्तूचा निषेध करून तिच्या जागी दुसरीची स्थापना करणे, ‘हे अमुक नव्हे, हे तर तमुक’ असे म्हणणे, म्हणजे अपह्नुती. यातील पहिले दोन पदर साक्षीदारांचे आहेत. तिसऱ्याचा धनी कोण, हा या लेखाचा प्रश्न आहे.

बार्नी आणि बेटी हिल या दांपत्याचे कथन पाहावे. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री न्यू हॅम्पशायरमधील डोंगराळ रस्त्याने घरी परतताना त्यांना आकाशात एक प्रकाश दिसला. तो पाठलाग करतो आहे असे वाटले. बार्नीने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याला आत आकृत्या दिसल्या. घरी पोहोचल्यावर मधल्या सुमारे दोन तासांचा हिशेब लागेना. बेटीने ही हकीकत पीज येथील हवाईदलाच्या तळाला कळवली. त्यानंतर तिला अपहरणाची स्वप्ने पडू लागली. १९६४ मध्ये डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना स्वतंत्रपणे संमोहित केले, तेव्हा अपहरणाची सविस्तर कथा बाहेर आली, आणि १९६६ मध्ये जॉन फुलर यांनी ती पुस्तकरूपाने मांडली. सायमन यांचा निष्कर्ष मननीय आहे. त्यांच्या मते दोघेही खोटे बोलत नव्हते. परंतु अपहरणाची कथा बेटीच्या स्वप्नांतून आली होती आणि ती ऐकून ऐकून बार्नीच्या स्मृतीत उतरली होती. प्रामाणिकता आणि सत्य येथे शस्त्रक्रियेने विलग करावे तशी विलग झालेली दिसतात. तरीही हे कथन ‘भ्रम’ म्हणून बाजूला सारता येत नाही. बार्नी कृष्णवर्णीय होता, बेटी गोरी. दोघेही नागरी हक्कांच्या चळवळीत होते. १९६१ सालच्या अमेरिकेत रात्रीच्या निर्जन रस्त्यावर आपला कोणी पाठलाग करीत आहे, ही बार्नीची भीती आकाशातून आली नव्हती. युंगने १९५८ मध्ये तबकड्यांकडे सामूहिक अबोधाचे आधुनिक मिथक म्हणून पाहिले. परंतु मिथकाच्या त्या विशाल वर्तुळात या एका माणसाची भीती विरघळून जाते, आणि मला ते पटत नाही.

आता तळांकडे वळू. नेव्हाडातील ग्रूम लेक या कोरड्या सरोवराच्या काठी १९५५ मध्ये गुप्तहेर संघटना सीआयएने यू-२ या हेरविमानाच्या चाचण्यांसाठी तळ उभारला. ‘एरिया ५१’ तो हाच. त्या काळची प्रवासी विमाने साधारण दहा ते वीस हजार फुटांवरून जात. यू-२ साठ हजार फुटांच्याही वर. खाली सूर्य मावळलेला, आणि इतक्या उंचीवरील रुपेरी पंखांवर मात्र ऊन : पाहणाऱ्याला पेटलेली वस्तू दिसे. तिचे वृत्त हवाईदलाकडे जाई. १९५२ ते १९६९ या काळात चाललेल्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात अशी १२,६१८ वृत्ते नोंदली गेली, त्यांतील ७०१ अनिर्णित राहिली. यू-२ च्या उड्डाणांशी वृत्त पडताळून पाहण्याची सोय तपासनिसांना होती. सत्य सांगण्याची मुभा नव्हती. म्हणून हिमस्फटिक, तापमानाचे व्युत्क्रमण, अशी स्पष्टीकरणे देण्यात आली. ‘तुम्ही पाहिले ते विमान नव्हे, तो निसर्गाचा खेळ’ : ही शुद्ध अपह्नुती आहे.

येथे आलंकारिकांचा एक आग्रह आठवावा. शिंपल्याला चांदी समजणाऱ्याची भ्रांती हा अलंकार नव्हे. भ्रांती वा संदेह कविप्रतिभेने योजलेला असावा लागतो, म्हणजेच बोलणाऱ्याला वस्तुस्थिती ठाऊक असावी लागते. हा निकष लावला तर साक्षीदाराचा संदेह अलंकार ठरत नाही, श्रद्धाळूची भ्रांतीही नाही. वस्तुस्थिती जाणून अन्य वस्तूची स्थापना करणारे शासनच तेवढे या साऱ्या व्यवहारात ‘कवी’ ठरते. साक्षकथनांना कल्पित म्हणून हिणवणाऱ्या समीक्षकाने कल्पिताचा निर्माता चुकीच्या ठिकाणी शोधलेला असतो. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून साठच्या दशकाअखेरपर्यंतची निम्म्याहून अधिक वृत्ते हेरविमानांच्या उड्डाणांमुळे आली, असे सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिले. हे विधानही जपूनच वाचावयास हवे; इतकी वर्षे अपह्नुती करणाऱ्या संस्थेचा कबुलीजबाब हेदेखील एक कथनच असते. तळाचे नाव आणि स्थान मान्य करणारी कागदपत्रे बाहेर यायला तर २०१३ साल उजाडावे लागले.

तळ आहे आणि नाही, या अवस्थेचा रचनेवर होणारा परिणाम बॉब लाझारच्या कथनात दिसतो. १९८९ मध्ये लास वेगासच्या दूरचित्रवाणीवर, आधी चेहरा लपवून व टोपणनावाने आणि मग उघडपणे, त्याने ग्रूम लेकच्या दक्षिणेस नऊ परकीय यानांवर काम चालल्याचे सांगितले. त्याने सांगितलेल्या शिक्षणाच्या नोंदी सापडल्या नाहीत. इसरच्या परिभाषेत जिला रिक्त जागा म्हणता येईल ती येथे केवळ वाचकाने भरावयाची राहत नाही. ती स्वतःच पुरावा होते. नोंद नाही, म्हणजे ती पुसली गेली. ज्या शासनाने खरोखरच एक अख्खा तळ नकाशावरून पुसला होता, त्याच्या बाबतीत हा तर्क वेडगळ म्हणणे सोपे नाही. लाझारचे कथन मला कृतक वाटते, हिल दांपत्याच्या कथनाची कळ त्यात नाही. पण त्याचे उसने सामर्थ्य कोठून आले हे स्पष्ट आहे.

त्याच वाळवंटातून आणखी एक साक्ष आली होती, आणि तिच्याविषयी या वाङ्मयाचे वाचक फारसे बोलत नाहीत. १९९४ मध्ये ग्रूम लेकच्या काही कामगारांनी आणि मृत कामगारांच्या पत्नींनी न्यायालयात दावे दाखल केले. तळावर घातक रसायने उघड्या खड्ड्यांत जाळली जात, त्या धुराने कातडीचे व श्वसनाचे विकार जडले, अशी त्यांची तक्रार होती. या कथनात परग्रहवासी नव्हते. खड्डे होते, धूर होता, सोललेली कातडी होती. ‘भोगलेले’ या शब्दाचा आपल्या समीक्षेतील जो अर्थ, तो येथे अक्षरशः लागू पडतो. कामगारांना आपली नावे लपवावी लागली. शासनाने तळाचे नाव सांगण्यासही नकार दिला. सप्टेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्या तळाला पर्यावरणविषयक माहिती उघड करण्याच्या बंधनातून सूट दिली, आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने दावे फेटाळल्याचा निर्णय कायम ठेवला. कामगारांनी काय श्वासात घेतले, हे त्यांच्या वैद्यांनाही कळू शकले नाही.

मधल्या काळात, १९९६ मध्ये, नेव्हाडा राज्याने त्या तळाच्या बाजूने जाणाऱ्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला ‘परग्रहवासी महामार्ग’ असे अधिकृत नाव दिले.